आवक-जावक : पिट्युटरीच्या शस्त्रक्रियेनंतर एका लघवीच्या नळीचं प्रकरण

रुग्ण ४३ वर्षांच्या ताई. राहायला कोपरखैरण्यात, मूळ गाव साताऱ्याकडचं. यजमान वाशीच्या एपीएमसीत माथाडी, ताई घरून पोळीभाजीचे डबे देतात. दोन वर्षांत वजन १४ किलोंनी वाढलं, तेही पोटावर, मानेमागे आणि चेहऱ्यावर. हातपाय मात्र वाळत चालले. बीपी आलं, पाठोपाठ साखर आली. जमिनीवर बसून पोळ्या लाटायची जन्माची सवय, पण आता उठताना ओट्याची कड धरावी लागे. सगळे एकच सांगत होते, वजन कमी करा. शेवटी हार्मोनच्या डॉक्टरांनी त्यांना हाताची घडी घालून खुर्चीतून उठायला सांगितलं. ताईंना उठता आलं नाही. मग पोटावरचे बोटभर रुंद जांभळे पट्टे पाहिले, हातावरचे धक्क्याशिवाय उमटलेले काळेनिळे डाग पाहिले, आणि तपासण्या सुरू झाल्या.

रात्री ११ वाजता डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची १ मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी ८ वाजता रक्तातलं कॉर्टिसॉल हे हार्मोन मोजतात. निरोगी माणसात ते १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली दबतं, ताईंचं दबलं नाही. २४ तासांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल वाढलेलं, ते तयार करायचा हुकूम देणारं एसीटीएच हे हार्मोन वाढलेलं, आणि एमआरआयवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या डाव्या बाजूला ११ मिलिमीटरची गाठ. निदान झालं कुशिंग्ज डिसीज. वाटाण्याएवढी ग्रंथी, त्यातली एक गाठ एसीटीएच ओतत राहते, त्याच्या हुकमाने मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी अहोरात्र कॉर्टिसॉल तयार करतात. प्रोलॅक्टिनची गाठ असती तर बहुतेक वेळा गोळ्यांवर भागतं. कुशिंग्जमध्ये पहिला उपाय शस्त्रक्रियाच.

मी नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात संसर्ग नियंत्रण परिचारिका आहे. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि ताई व त्यांचे यजमान दोघांनाही विचारूनच हे लिहिते आहे. गाठ कशी काढली ते सर्जन माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला लिहायचं आहे ते गाठ नीट निघाल्यानंतरच्या दहा दिवसांबद्दल, कारण त्या दिवसांत जे बिघडलं त्यात माझा वाटा आहे.

कुशिंग्जचा रुग्ण आमच्या खात्यासाठी अवघड असतो. जास्तीचं कॉर्टिसॉल म्हणजे शरीराने स्वतःलाच दिलेलं स्टेरॉइड. जंतूंशी लढायची ताकद कमी, जखम भरायला वेळ, त्यात साखर. ताप येतो तोही दबून येतो. त्वचा तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी. ताईंच्या मनगटावरची साधी चिकटपट्टी काढताना त्वचा पट्टीबरोबर सोलून आली, तेव्हापासून आम्ही त्यांच्यासाठी फक्त सिलिकॉनची पट्टी वापरली. शस्त्रक्रियेआधी तीन आठवडे इन्सुलिन देऊन साखर आटोक्यात आणली. स्तनांखालच्या घडीत बुरशी होती, ती बरी होईपर्यंत तारीख घेतली नाही. एवढी काळजी घेणारी माणसं आम्ही, आणि चुकलो ते अगदी रोजच्या गोष्टीत.

मंगळवारी सकाळी दुर्बिणीने, नाकातून शस्त्रक्रिया झाली. हा मार्ग जुना आहे. १९०७ साली ऑस्ट्रियात इन्सब्रुकला हर्मन श्लोफर यांनी या वाटेने पिट्युटरीची पहिली गाठ काढली, तेव्हा अँटिबायोटिक नावाची गोष्टच नव्हती. नाक निर्जंतुक करता येत नाही आणि त्या वाटेच्या टोकाला मेंदूची आवरणं असतात, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. चीर देण्याआधीच्या ६० मिनिटांत अँटिबायोटिक दिलं, २४ तासांत बंद केलं. गाठ काढताना मेंदूभोवतीचं पाणी किंचित झिरपलं, म्हणून पोटातून चरबीचा छोटा तुकडा घेऊन ती जागा बुजवली. म्हणजे आणखी एक जखम, तीही कुशिंग्जच्या पोटावर. माझं सगळं लक्ष त्या दोन जागांवर होतं, नाक आणि पोट. लघवीची नळी ऑपरेशन थिएटरमध्येच घातली होती, सगळ्यांना घालतात तशी.

इथे नळीला सबळ कारण असतं, हे आधी सांगायला हवं. पिट्युटरीच्या मागच्या भागातून व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन रक्तात येतं, ते मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगतं. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने ते काही काळ थांबलं, तर लघवी धो-धो होते आणि रक्तातलं सोडियम चढत जातं. याला आम्ही डीआय म्हणतो, डायबेटिस इन्सिपिडस. साखरेशी त्याचा काही संबंध नाही, पण ताईंना साखरही होती, त्यामुळे घरच्यांनी दोन वेळा ‘डायबेटिस’ ऐकला आणि दोन्ही एकच समजले. असे घोटाळे जगभर होतात, जिवावरही बेतले आहेत, म्हणूनच २०२२ मध्ये या आजाराचं नाव बदलून आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी करायचं ठरलं. वॉर्डात अजून डीआयच म्हणतात.

बुधवारी संध्याकाळी ताईंचा डीआय सुरू झाला. तासाला ४०० मिलिलिटर, सलग तीन तास. लघवी पाण्यासारखी, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (घनता) १.००३, म्हणजे अगदी पातळ. साखर १५६, म्हणजे लघवी साखरेमुळे वाढलेली नव्हती. सोडियम १४७, म्हणजे चढलेलं. ताई सारख्या म्हणत होत्या, “सिस्टर, बर्फाचं पाणी द्या.” रात्री ९ वाजता डेस्मोप्रेसिनचं इंजेक्शन दिलं. हेच औषध नाकातल्या फवाऱ्यातही मिळतं, पण नुकतंच ऑपरेशन झालेल्या नाकात फवारा मारायचा नसतो. पहाटेपर्यंत लघवी तासाला ८०-१०० वर आली. त्या रात्री नळी नसती तर दर तासाचा आकडा मिळाला नसता. बुधवारची नळी योग्य होती, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

गुरुवारी सकाळी दोन चांगल्या बातम्या आल्या. कॉर्टिसॉल १.५, म्हणजे गाठ पूर्ण निघाल्याची खूण. इतकी वर्षं गाठीच्या हुकमावर चाललेली उरलेली ग्रंथी झोपलेली असते, ती जागी व्हायला महिनोन् महिने लागतात. तोवर कॉर्टिसॉल बाहेरून द्यावं लागतं, म्हणून हायड्रोकॉर्टिसोन सुरू केलं. दुसरी बातमी, सोडियम १४१.

नळ्यांच्या रोजच्या राऊंडला मी प्रत्येक खाटेपाशी एकच प्रश्न विचारते : ही नळी आज कशासाठी? न्यूरोचे रेसिडेंट डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, आज रात्री डीआय परत उसळला तर? उद्या काढू.” मी तक्त्यावर ‘गरज आहे’च्या रकान्यात खूण केली आणि पुढच्या खाटेकडे गेले. ताई तेव्हा खुर्चीत बसून चहा पीत होत्या. जी बाई खुर्चीत बसून चहा पिते ती लघवीला उठूही शकते, आणि झालेली लघवी भांड्यात मोजता येते. हे मला कळत होतं, तरी मी बोलले नाही. डॉक्टरांचं कारण खोटं नव्हतं, फक्त बुधवार रात्रीचं होतं, आणि गुरुवारी सकाळी ते आम्ही दोघांनी तसंच पुढे ढकललं. निष्काळजीपणाने राहिलेली नळी राऊंडला लगेच डोळ्यात भरते. चांगल्या कारणाने राहिलेल्या नळीकडे बघून आपण मान डोलावतो.

दुपारी ताईंना एमआरआयला नेलं. वॉर्डबॉय मामांनी युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, त्यांच्या दोन पोटऱ्यांच्या मध्ये चादरीवर ठेवली, कारण ट्रॉलीला ती अडकवायला हुकच नव्हता. मी लिफ्टपर्यंत सोबत होते. नळीच्या वळणात पिवळ्या लघवीचा वीतभर पट्टा थांबलेला दिसत होता. लिफ्टच्या उंबऱ्यावर ट्रॉलीचं चाक आपटलं आणि तो पट्टा उलटा, ताईंच्या दिशेने सरकला. मी पिशवी उचलून खाली धरली, पण जायचं ते मागे गेलं होतं. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, आणि तरीही जमिनीला न टेकलेली असावी, हे मी दर महिन्याला नव्या मुलींना शिकवते.

शुक्रवारी दुपारी ३ वाजता १०१.२ ताप, हुडहुडी भरून.

पिट्युटरीच्या रुग्णाला शस्त्रक्रियेच्या तिसऱ्या दिवशी ताप आला की पहिला विचार मेनिन्जायटिसचा, म्हणजे मेंदूच्या आवरणांच्या संसर्गाचा. ताईंचं पाणी शस्त्रक्रियेत झिरपलेलं, म्हणजे वाट उघडलेली होती. त्यांना पुढे वाकवून बसवलं, नाकातून स्वच्छ पाणी टपकतं का ते पाहिलं. टपकलं नाही. मान ताठ नव्हती, पण स्टेरॉइड-वातावरणातून आलेल्या रुग्णात मान ताठ नसण्यावर विसंबता येत नाही. दुसरा संशय कॉर्टिसॉलच्या कमतरतेचा : ती एकटीसुद्धा ताप, मळमळ, गळाठा देऊ शकते, आणि तिच्यावर जंतुसंसर्ग चढला तर बीपी कोसळतं. म्हणून कुठल्याही रिपोर्टची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं, पुढे दर ६ तासांनी ५०. ताईंचं बीपी तेव्हा ९६ वर आलं होतं. एरवी १५०च्या खाली न उतरणाऱ्या बाईचं ९६ म्हणजे धोक्याची घंटा. या एका इंजेक्शनला उशीर झाला असता तर हे प्रकरण मी लिहिलं नसतं.

तिसरा संशय नळी. मंगळवार पहिला दिवस धरला तर शुक्रवार नळीचा चौथा दिवस. नळी दोन दिवसांहून जास्त राहिल्यावर असा ताप आला आणि लघवीत पुरेसे जंतू सापडले, की तो नळीमुळे झालेला संसर्ग धरतात. नमुना पिशवीतून घ्यायचा नसतो, पिशवीत जंतू आपोआप वाढतात. नळीवरचं नमुन्याचं तोंड स्पिरिटने पुसून सिरिंजने घेतला, आणि लगेच नळी काढली. सीटी झाला, मग पाठीतून पाणी काढलं. रात्री मेरोपेनेम आणि व्हॅन्कोमायसिन ही अँटिबायोटिक सुरू झाली. इतकी जड औषधं मला एरवी खुपतात, पण त्या रात्री सुरू करणं बरोबर होतं.

रविवारी चित्र स्पष्ट झालं. पाठीच्या पाण्यात पेशी मोजक्या, साखर ठीक, कल्चर निरंक, म्हणजे जंतू नाहीत. लघवीत ई. कोलाय हा जंतू, मिलिलिटरला १ लाखाहून जास्त, सेफ्ट्रिअॅक्सोन या अँटिबायोटिकला न जुमानणारा. व्हॅन्कोमायसिन बंद केलं, मेरोपेनेम उतरवून दिवसातून एकदा एर्टापेनेम, एकूण सात दिवस. मेंदू वाचला म्हणून वॉर्डात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी स्लूस रूममध्ये, म्हणजे लघवीच्या पिशव्या-भांडी रिकामी करायच्या खोलीत, गेले. तीन नळीवाल्या रुग्णांच्या पिशव्या रिकाम्या करायला तिथे एकच मोजायचं भांडं होतं, काठावर पांढरट खर साचलेलं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या लघवीतही आठवड्यापूर्वी ई. कोलायच निघाला होता, औषधांना तसाच दाद न देणारा. तो जंतू त्या भांड्यातून आला की ट्रॉलीवरच्या उलट्या लघवीतून चढला, हे ठरवणं शक्य नव्हतं आणि त्याने फरकही पडत नव्हता. दोन्ही दारं आमचीच होती, आणि नळी गुरुवारी निघाली असती तर दोन्ही बंद झाली असती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात आहे की श्रीमंत देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या १०० जणांमागे ७ जणांना, आणि आपल्यासारख्या देशांत १५ जणांना, तिथेच एखादा संसर्ग होतो. प्रशिक्षणात हा आकडा मी पाठ म्हणून दाखवते. त्या रविवारी त्याला चेहरा आला.

यापुढचं मला कुठल्याच प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं.

लघवीला जंतू झाले की आपल्याकडे घरोघरी एकच सल्ला. भरपूर पाणी प्या, शहाळं प्या, धन्याचं पाणी प्या. शनिवारी आमच्याच वॉर्डातल्या मावशींनी ताईंच्या यजमानांना तो प्रेमाने दिला, एका सिस्टरनेही दुजोरा दिला. एरवी तो चुकीचा नाहीच. दादा रोज मार्केटमधून दोन-तीन शहाळी आणू लागले, वर तांब्या भरभरून पाणी. ताईंना तहान नसली तरी “घे गं, धुऊन जाईल समदं” म्हणत पाजायचे.

आणि नेमके हेच दिवस पाण्याला घातक असतात. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, बहुतेकदा सातव्याच्या आसपास, दुखावलेल्या पिट्युटरीत साठलेलं व्हॅसोप्रेसिन एकदम रक्तात सुटू शकतं. मूत्रपिंडं पाणी सोडेनाशी होतात. तोंडाने आत जाणारं पाणी आतच राहतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडं, त्यामुळे त्याचाही आधार नाही. आधी लघवी फार, मग लघवी कमी : बुधवारी ज्या रुग्णाला पाणी पुरत नव्हतं, तिलाच पुढच्या सोमवारी पाणी बाधत होतं.

मंगळवारी, सातव्या दिवशी सकाळी, ताईंचं डोकं जड झालं, मळमळ सुरू झाली, बोलणं मंद झालं. सोडियम १२६, फारच खाली. त्यांना दिवसाला १ लिटरवर आणलं, चहा, ताक, वरण सगळं त्यात धरून. अशा वेळी सोडियम झपाट्याने चढवणंही घातक, २४ तासांत ८च्या वर जाऊ द्यायचं नसतं. दर ६ तासांनी रक्त. त्या पापुद्र्यासारख्या त्वचेतून दर वेळी सुई.

दादांना हे समजावणं मला सगळ्यात जड गेलं. ते म्हणाले, “सिस्टर, आदी म्हनला पानी कमी पडतंय. मंग म्हनला पाजा. आता म्हनता बंद करा. आमी करायचं काय?” ते बरोबर बोलत होते. तिन्ही सूचना आमच्याच माणसांनी दिल्या होत्या, आणि त्या का बदलत होत्या ते एकानेही सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले, आयओ चार्ट दाखवला. वर इनटेक, खाली आउटपुट. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “म्हंजी आवक-जावक.”

हो, अगदी तेच. आयुष्यभर गाळ्यावर गोणी मोजलेला माणूस. आवक किती, जावक किती, शिल्लक किती, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. “मंग आवक जादा आन् जावक कमी, माल आत कुजतोय,” एवढ्यात त्यांनी सगळा आजार मांडला. संध्याकाळपासून वही त्यांच्याकडे गेली. ताईंना स्वतःचं, नाव लिहिलेलं भांडं दिलं. त्या संडासात जाऊन त्यातच लघवी करायच्या, दादा डोळ्यांच्या रेषेत भांडं धरून आकडा वाचायचे, लिहायचे, भांडं धुऊन उपडं ठेवायचे आणि हात घासायचे. साबणाने ४० सेकंद, मी सांगितलं होतं म्हणून मनात अंक मोजत. त्यांच्या वहीतला आकडा आणि आमच्या तक्त्यातला आकडा दोन दिवस ताडून पाहिले. चुकलेले आकडे दोन सापडले, दोन्ही आमचे.

गुरुवारी सोडियम १३४ झालं, एर्टापेनेमचा सातवा दिवसही तोच. शुक्रवारी ताई घरी गेल्या. सोबत हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या, ताप आला तर डोस दुप्पट करायची आणि उलट्या झाल्या तर थेट रुग्णालय गाठायची लेखी सूचना, आठवड्याने सोडियम तपासायची चिठ्ठी.

त्यानंतर आम्ही न्यूरोच्या डॉक्टरांसोबत बसलो. भांडण झालं नाही, रेसिडेंट डॉक्टरांनी स्वतःच गुरुवारचं राऊंड काढलं. ठरलं असं की पिट्युटरीच्या रुग्णाची नळी घालतानाच ती काढायची अट लिहायची : रुग्ण शुद्धीवर, लघवी सलग १२ तास तासाला २००च्या आत, सोडियम दोनदा स्थिर, की सिस्टरनेच नळी काढायची, कुणाला विचारायची गरज नाही. डीआय परत उसळला तर भांडं आहे, रोज सकाळचं वजन आहे, आणि अगदीच लागलं तर नवी नळी आहे. ट्रॉल्यांना मेंटेनन्सच्या माणसाने खालच्या दांडीला हुक वेल्ड करून दिले, त्याला एक दुपार लागली. भांडी ज्याची त्याची. पाण्याबद्दल पिट्युटरीच्या रुग्णाशी बोलायचं ते फक्त त्या दिवसाचं सोडियम पाहून, आणि हे मावशींनाही सांगितलं, कारण घरचे सर्वात जास्त ऐकतात त्यांचं.

रात्रपाळीची तक्रार मात्र अजून आहे, आणि ती खोटी नाही. एका सिस्टरकडे सहा-सात रुग्ण असताना दर दोन तासांनी भांडं मोजणं हे पिशवीकडे बघून आकडा लिहिण्यापेक्षा जास्त काम आहे. मी रात्रीसाठी एक मावशी मागितली आहे, मंजूर व्हायची आहे. तोवर जिथे घरचं माणूस आहे तिथे त्याच्या हाती वही देतो.

ताई तीन महिन्यांनी दाखवायला आल्या. चेहरा उतरून मूळचा दिसू लागला होता, साखरेची एक गोळी बंद झाली होती. सांधे मात्र खूप दुखत होते. वर्षानुवर्षांचं जास्तीचं कॉर्टिसॉल उतरताना असं दुखतं, हे त्यांना आधी सांगितलेलं होतं म्हणून घाबरल्या नव्हत्या. सकाळचं कॉर्टिसॉल अजून कमीच, गोळ्या चालू राहणार. डॉक्टरांनी हाताची घडी घालून उठायला सांगितलं. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा उठल्या. दादांनी पिशवीतून वही काढली. घरी गेल्यावर कुणी सांगितलं नसताना त्यांनी पुढचे १५ दिवस आवक-जावक लिहिली होती, तारखेसह, खाली रोजची बाकी काढून. आमच्या वॉर्डात खाटेला जो तक्ता अडकवतो, त्याच्या मराठी प्रतीवर आता तेच दोन शब्द छापले आहेत.